किनाऱ्यालगतच्या जंगलरस्त्यावर सायकलने ७० किमी एका दिवसात होतील का?

होतील, पण सपाटीवरचे ७० किमी आणि हे ७० किमी एकाच मापाने मोजू नका. तुमची सायकल ५०/३४ चेनरिंग (पेडलजवळची दोन दाती चक्रं) आणि ११-२८ कॅसेटची (मागच्या दाती चक्रांचा संच; आकडे दात्यांचे) आहे, टायर २८ मिमीचे, सामान सहा किलो, सपाट रस्त्यावर ताशी २० सहज जमतात. किती वेळ धरू आणि काय बदलू, असा तुमचा प्रश्न आहे.

किनाऱ्याचा रस्ता नकाशावर समुद्रपातळीला चिकटून गेलेला दिसतो आणि तिथेच फसगत होते. प्रत्येक ओढा किंवा नदी समुद्राला मिळते तिथे रस्ता पुलापर्यंत उतरतो आणि पुढचं भूशिर ओलांडायला पुन्हा चढतो. एकेक चढ ६०-८० मीटरचाच असतो, पण असे बारा चढ म्हणजे ८००-९०० मीटर. शिवाय उतारावर मिळवलेला वेग पुढच्या चढाला फारसा वापरता येत नाही, कारण पुलाजवळ बहुतेक वेळा वळण असतं आणि ब्रेक लावावाच लागतो. सामानासह सपाटीचा वेग ताशी १८ धरा आणि दर १०० मीटर चढाईला ९-१० मिनिटं जोडा. ९०० मीटर चढाई असेल तर नुसतं पेडल मारण्याचेच जवळपास साडेपाच तास होतात. थांबे दोन तास धरले की दिवस साडेसात तासांचा झाला. ॲपमधला चढाईचा आकडा थोडा सैल समजा. उंचीचा डेटा जमिनीचा असतो, त्यामुळे त्यात पूल म्हणजे दरी आणि बोगदा म्हणजे डोंगर अशी गणना होऊ शकते.

आता गिअर. ३४ ची चेनरिंग आणि मागे २८ दाती चक्र असताना पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. ८ टक्के चढावर, तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले, तर मिनिटाला ६० फेऱ्या राखायला जवळपास २०० वॉट लागतात. एक चढ निघेल, सातव्या चढाला गुडघे बोलू लागतील. मागे ३४ दाती चक्र बसवलं की तेच काम सुमारे १६० वॉटमध्ये होतं. वेग ताशी साडेसातवर येतो, येऊ द्या. मात्र कॅसेट घेण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) कमाल किती दाती चक्र झेलतो ते बघा. लहान पिंजऱ्याचा, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा हात आखूड असलेला डिरेलर बहुधा ३४ झेलत नाही. चेनही काही कड्यांनी लांब लागते. जुनी आखूड चेन तशीच ठेवून चुकून पुढचं आणि मागचं दोन्ही मोठी चक्रं पडली तर डिरेलर आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर दोन्ही जातात. माझ्या मते पैसे खर्च करायची पहिली जागा हीच. हलक्या सीटपोस्टने काही साधत नाही.

वारा म्हणजे दुसरा चढच, फक्त नकाशात न दिसणारा. स्वच्छ हवेच्या दिवशी सकाळी उशिरा खारे वारे सुरू होतात, दुपारी जोर धरतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतात. ते दिवसभर सरळ जमिनीकडेच वाहत नाहीत. उत्तर गोलार्धात समुद्राकडे पाठ करून उभे राहा. दुपार चढेल तसा वारा तुमच्या उजव्या हाताच्या दिशेने वळत जातो. म्हणून जाऊन परत यायचं असेल तर सकाळी डाव्या हाताच्या दिशेने निघा, परतताना वारा पाठीशी असेल. अर्थात मोसमी वारे किंवा वादळी हवा असेल तर हा हिशेब कोलमडतो, आदल्या रात्रीचा अंदाज बघाच. दाट झाडीत वारा जाणवत नाही, पण भूशिराच्या टोकावर झाडी संपते आणि बाजूने झोत बसतो. तिथे हात हँडलच्या खालच्या पकडीत हवेत.

जंगलाचा खरा त्रास सावली. झाडांखालचा रस्ता दुपारपर्यंत ओला राहतो आणि कुजलेली पानं, शेवाळ, मुळांनी उचललेलं डांबर नेमकं वळणावर भेटतं. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावा. लाकडी पूल आणि लोखंडी जाळ्या काटकोनात ओलांडा, त्यांच्यावर ना ब्रेक ना वळण. ब्रेक चाकाच्या कडेवर (रिमवर) लागणारे असतील तर ओल्या रिमवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ब्रेक जवळजवळ लागतच नाही, तेव्हा लांब उतारावर अधूनमधून हलके दाबून पाणी पुसत राहा. उन्हातून सावलीत शिरणाऱ्या मोटारचालकाला तुम्ही क्षणभर दिसत नाही. मागचा लाल दिवा भर दुपारीही चालू ठेवा. फ्रेममध्ये मावत असतील तर ३२ मिमीचे टायर घाला, हवेचा दाब मागे ६० आणि पुढे ५० पीएसआयच्या आसपास. भुसभुशीत वाळू आडवी आली तर उतरून ढकला.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर. ओढ्याचं पाणी जंतू अडवणाऱ्या फिल्टरने गाळून किंवा उकळून जंतू जातात, मीठ जात नाही. भरतीचं पाणी ओढ्यातून बरंच आत येतं, त्यामुळे बाटली पुलापाशी न भरता चढावरच्या झऱ्यावर भरा.

दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, पंप, चेन तोडायचं हत्यार, तुमच्या चेनला जुळणारी क्विक लिंक (तुटलेली चेन हाताने जोडायची कडी) आणि एक हँगर एवढं पुरे. टायरवरचं नाव व्हॉल्व्हसमोर बसवलेलं असेल तर ट्यूबचं भोक सापडताच टायरमध्ये काटा कुठे असेल ते लगेच कळतं. रेंज नसणार हे गृहीत धरून नकाशा आधीच उतरवून घ्या.

परतल्यावर त्याच संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने, पण जोराच्या फवाऱ्याशिवाय धुवा. फवारा बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढतो आणि मीठ आत ढकलतो. चेन पूर्ण कोरडी झाल्यावर प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, आणि दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाका, नाहीतर वाळू त्याला चिकटून चेन घासून खाते. पाय, काखा आणि कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड आहे का तेही त्याच वेळी बघा. सापडलीच तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढा, पिळू नका, तेल ओतू नका.