वर्तमानपत्रातल्या 'आजचा कौल'मध्ये मत देऊन काही उपयोग होतो का?

उपयोग? मला तरी झाला. शाळेत कच्चे राहिलेले अपूर्णांक पक्के झाले.

आमच्याकडे येणाऱ्या पेपरात रोज एक चौकट असते. प्रश्न, त्याखाली होय / नाही / सांगता येत नाही, आणि शेजारी कालचा निकाल. तोही दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत. एकूण मतं किती पडली, एवढंच छापायचं नेमकं राहून जातं. एकदा त्यांच्या साईटवर पाहिलं तर 'होय' ५७.१४ टक्के, 'नाही' ४२.८६. आकडे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले. सातातले चार आणि सातातले तीन! (सत्तर जणांच्या मतांचेही हेच टक्के येतील, मान्य. पण मनात पाल चुकचुकली.) मी 'होय' दाबलं. आकडा झाला ६२.५०, म्हणजे आठात पाच. घरातल्या दुसऱ्या फोनवरून पुन्हा 'होय'. ६६.६७. सकाळी चौकटीत ठळक अक्षरांत: 'दोन तृतीयांश वाचकांचा पाठिंबा'. कशाला पाठिंबा होता ते आता आठवत नाही. त्या नऊ वाचकांत दोन मी होतो.

आणि प्रश्न तरी काय असतात! 'यंदा पाऊस वेळेवर येईल असे वाटते का?' बहुमत होय. ढगांना हा निकाल कोण कळवणार, कोण जाणे. 'तपास योग्य दिशेने चालला आहे का?' तपास करणाऱ्यालाही जे ठाऊक नसतं, ते आम्ही चहा पिता पिता ठरवायचं. 'भ्रष्टाचाराला आळा बसायला हवा का?' यात मला रस फक्त 'नाही'वाल्यांत. निदान प्रामाणिक माणसं म्हणायची. पण माझे सर्वांत लाडके म्हणजे 'सांगता येत नाही'वाले. सांगता येत नसेल तर माणूस पान उलटतो. हे थांबतात, फोन काढतात, साईट उघडतात आणि आपल्याला सांगता येत नाही हे जगाला सांगतात.

तुम्ही म्हणाल, मतं कमी पडतात म्हणून हा घोळ, लाखांनी पडली तर कौल खरा ठरेल. तसंही नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांहून अधिक परत आल्या. लँडन आणि रूझवेल्ट या दोन मुख्य उमेदवारांचीच मतं धरली तर लँडन ५७ टक्क्यांवर (पुन्हा ५७, योगायोग बघा). प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून, आणि ऐन मंदीत फोन-मोटार बाळगणारा माणूस म्हणजे काही सरसकट जनता नव्हे. शिवाय आलेली मतपत्रिका भरून परत टपालात टाकण्याइतका उत्साह ज्याला असतो, त्याचं काहीतरी दुखत असतं. जो समाधानी, तो कशाला उठतोय? त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर, पण निवडून घेतलेल्या लोकांना विचारून रूझवेल्ट येणार असं सांगितलं होतं. 'डायजेस्ट' १९३८ मध्ये बंद पडलं.

आमच्या चौकटीतही तेच. तिथे कोणाला विचारायचं हे पेपर ठरवत नाही, ज्याला राग आलाय तो आपणहून येतो. आणि माझ्यासारखा एखादा दोनदा येतो. पेपरवाल्यांना याची कल्पना नसेल असं मला वाटत नाही. चौकट भरते, साईटवर चार माणसं जास्त येतात, त्यांचं काम भागतं.

तेव्हा मत जरूर द्या, फक्त निकालावर पैज लावू नका. मी अजूनही रोज देतो, हल्ली 'सांगता येत नाही'ला. काल आमचा गट १२.५० टक्क्यांवर होता.