चार दिवसांत बांधलेलं जहाज टिकलं कसं?

प्रश्न : काका, आमचे आजोबा मिलमध्ये बॉयलरवर होते. ते सांगायचे की लढाईच्या काळात अमेरिकेनं वाफेवरचं अख्खं मालवाहू जहाज चार दिवसांत बांधलं. घरात सगळे हसायचे. खरं आहे का, आणि असलं घाईचं जहाज चाललं तरी किती?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आजोबा थापा मारत नव्हते हो. जहाजाचं नाव रॉबर्ट ई. पिअरी, गाव कॅलिफोर्नियातलं रिचमंड, नोव्हेंबर १९४२. तळाचा कणा म्हणजे कील टाकल्यापासून पाण्यात सोडेपर्यंत ४ दिवस साडेपंधरा तास! आता यात थोडी मेख आहे, मोठमोठे भाग आधीच करून ठेवलेले, क्रेननं उचलायचे आणि वेल्डिंग मारायचं, आणि तेही एकदाच, पेपरात नाव यावं म्हणून. लग्नाचा मांडव एका दुपारी उभा राहतो पण बांबू आधीच आणून टाकलेले असतात, तसं. तरी रोजचं काम पण काय हळू नव्हतं. या जातीच्या पहिल्या जहाजाला, पॅट्रिक हेन्रीला, २४४ दिवस लागले, पुढं सरासरी ४२ वर आली आणि १९४१ ते १९४५ मध्ये अशी २,७१० जहाजं झाली, यांनाच लिबर्टी जहाजं म्हणतात. जर्मन पाणबुड्या जेवढी बुडवतात त्याहून जास्त बांधायची, एवढाच हिशोब.

आजोबा बॉयलरवाले म्हणून इंजिनाचं जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांनी पान उलटलं तरी चालतंय. त्या काळात टर्बाइन होतं, डिझेल होतं, पण ते आधी युद्धनौकांना पाहिजे. म्हणून मुद्दाम एकोणिसाव्या शतकातलं ट्रिपल एक्स्पान्शन, म्हणजे वाफ तीन टप्प्यांत पसरवणारं, इंजिन घेतलं, बऱ्याच कारखान्यांना बनवता येणारं आणि नवशिक्याला पण पटकन शिकवता येणारं. तेलावरचे दोन बॉयलर, २२० पौंड दाबाची वाफ आधी साडेचोवीस इंची सिलिंडरमध्ये, मग ३७ इंची, मग ७० इंची. रसवंतीवर बघा, ऊस एकदा चरकातून काढून टाकून देत नाहीत, घडी घालून परत घालतात, परत घालतात, तसं. फरक एवढाच की वाफ जशी दमते तशी पसरते, म्हणून पुढचं सिलिंडर मोठं. शेवटी कंडेन्सरमध्ये तिचं पाणी करायचं आणि परत बॉयलरला पाठवायचं. एवढं सगळं करून ताकद २,५०० हॉर्सपॉवर आणि वेग ११ नॉट, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर. सोलापूर-पुणे बारा-तेरा तास! पण पोटात दहा हजार टनांच्या आसपास माल.

मी स्वतः सगळी नोकरी डिझेलवर काढली, पण एकदा सॅन फ्रान्सिस्कोला असताना तिथं जपून ठेवलेलं जेरेमाया ओब्रायन हे लिबर्टी जहाज बघायला गेलो होतो आणि नेमकं त्या दिवशी इंजिन चालू होतं. क्रँक सगळा उघडा, मिनिटाला ७६ फेरे हा त्याचा पूर्ण वेग, तेव्हा जरा कमीच होता. एक म्हातारा ऑइलर हातात तेलाची झारी घेऊन उभा, आणि प्रत्येक फेऱ्याला बेअरिंग वर आलं की त्यावर तळहात टेकवून लगेच मागं घेत होता. गरम झालंय का बघायला. ताल चुकला तर हात गेला. मी बघतच बसलो, तो मात्र शेजारच्याशी गप्पा मारत होता.

हे जहाज १९९४ मध्ये स्वतःच्या इंजिनावर नॉर्मंडीपर्यंत जाऊन आलंय. आणि चार दिवसांचं पिअरी? ते १९६३ मध्ये भंगारात गेलं. पाच वर्षं टिकलं तरी बास म्हणून बांधलेल्या जातीतलं, वीस वर्षं राबलं.

प्रश्न : पण ही जहाजं समुद्रात मधोमध तुटायची असं वाचलंय.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुटली, दोन-चार अक्षरशः दोन तुकडे झाली. सगळे वेल्डिंगवाल्या पोरांच्या नावानं बोटं मोडत होते. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर बाईंनी दाखवून दिलं की मूळ दोष पोलादात आहे, थंडीत ते ठिसूळ होतं. आपली शेंगदाण्याची चिक्की उन्हाळ्यात लवते आणि थंडीत कटकन मोडते, तसंच काहीसं. त्यात हॅचचे, म्हणजे माल आत सोडायच्या तोंडाचे, कोपरे चौकोनी, चीर तिथनं सुरू व्हायची. रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे खिळे ठोकून जोडलेल्या, जहाजात चीर पत्र्याच्या कडेला थांबते, गोधडी फाटली तरी शिवणीपाशी थांबते ना तसं, वेल्डिंगचं जहाज म्हणजे एकसंध चादर, फाटत गेली की गेली. मग कोपरे गोल केले, रिव्हेटच्या पट्ट्या मारल्या आणि प्रकार बराच आटोक्यात आला.

प्रश्न : १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाचं जहाज लिबर्टीच होतं ना?
— एक वाचक, बाळीवेस

उत्तर : नाही. ते फोर्ट स्टिकिन, कॅनडात प्रिन्स रुपर्टला १९४२ मध्ये बांधलेलं. चुलत भाऊ म्हणा, दोघांचा मूळ नकाशा इंग्लंडातल्या संडरलंडचाच, पण हे कोळशावरचं. पोटात दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी, त्यातल्या बऱ्याच दारूगोळ्याच्याच होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात. १४ एप्रिलला धूर दिसला, पाणी मारत राहिले, आग काही सापडेना, आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. गाठ आतल्या आत कशी धुमसते ते आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या मिलवाल्याला विचारा, तुमच्या गल्लीत एखादा असेलच.