डोंगरावरच्या गावाचं सांडपाणी

प्रश्न : सर, आमचं गाव महाबळेश्वरच्या डोंगररांगेत उतारावर वसलंय. 60 घरं, माणसं 300 च्या आसपास. घरोघरी नळ आल्यापासून मोरीचं पाणी वाटेवर वाहतं आणि खालच्या आळीच्या झऱ्याकडे उतरतं. एक ठेकेदार सांडपाणी शुद्ध करणारा, विजेवर चालणारा प्रकल्प घ्या म्हणतो, ग्रामसेवक म्हणतात घरटी शोषखड्डे घ्या. काय करावं?
– ग्रामपंचायत सदस्या, जि. सातारा

उत्तर : ताई, कागदावर सही करण्याआधी तो झरा नीट बघा. तुमच्याकडे वर जांभा आणि खाली काळा कातळ. जांभ्यात पाणी झरझर मुरतं, कातळावर अडतं आणि दोघांच्या सांध्यावर झरा होऊन बाहेर येतं. वरच्या आळीत शोषखड्डे खणले, तर मोरीचं पाणी न गाळताच त्या वाटेने झऱ्यात उतरू शकतं. शोषखड्डा वाईट नव्हे. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी त्याच्या जोरावर गटारं बंद केली, डास हटवले. पण तिथली जमीन वेगळी, तुमची वेगळी.

जमिनीची परीक्षा सोपी आहे. फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा पाणी ओता आणि काठीवर खूण करून बसा. तासाभरात इंचभरही उतरलं नाही, तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. बघता बघता गडप झालं, तर झऱ्याच्या वरच्या अंगाला मुळीच नको. खालच्या अंगाला खोल माती असलेल्या घरांनी तो खुशाल घ्यावा.

बाकीच्या घरांसाठी उताराचाच उपयोग करा. जलजीवन मिशन या सरकारी नळयोजनेच्या हिशेबाने माणशी रोज 55 लिटर, म्हणजे गावाला साडेसोळा हजार. त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं तर 13,000 लिटर. एवढ्यासाठी पंप कशाला? बंद पाइपातून पाणी झरा ओलांडून खाली न्या. आधी गाळ बसायला टाकी, मग दोनेक फूट खोल खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. तळाला प्लास्टिकचा जाड कागद किंवा काँक्रीट हवंच. पाणी खडीच्या पोटातून सरकत राहतं. वर दिसत नाही, म्हणून डास नाहीत. दोन-अडीच गुंठे जागा लागेल, ती दोन-तीन तुकड्यांत विभागली तरी चालेल. बाहेर पडलेलं पाणी झाडांना द्या, पिऊ नका.

हे वाफे बुजतात ते भाताच्या शितांनी, तेलाने आणि भांडी घासायच्या राखेने. म्हणून प्रत्येक मोरीच्या तोंडाशी जाळी आणि छोटी कुंडी हवी, आणि ती दर आठवड्याला उपसायला हवी. हे काम घरातल्या बायकांवरच पडू देऊ नका, ग्रामसभेत पाळी लावून घ्या. पावसाचं पाणी मात्र वाफ्यात शिरता कामा नये. तुमच्याकडे वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस. वरच्या बाजूला चर नसेल तर पहिल्याच आषाढात खडी वाहून जाईल.

संडासाचं पाणी यात मिसळू नका. त्याला दोन खड्ड्यांचा संडास बरा : एक भरला की दुसरा वापरायचा, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की त्याचं खत होतं. तेही खड्डे झऱ्याच्या खालच्या अंगालाच. सेप्टिक टाकी घ्यायची तर मैला उपसणारी गाडी दारापर्यंत येते का ते आधी बघा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये.

ठेकेदाराला लेखी विचारा : विजेचं बिल कोण भरणार, मोटर जळली तर दुरुस्तीला कोण येणार, वीज चार दिवस गेली तर पाणी कुठे जाणार? माझ्या मते तुमच्या गावाला ते यंत्र नको. पुढे कुणी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, तर परवानगी देतानाच त्यांच्या सांडपाण्याची सोय बघून घ्या. चार खोल्यांनी वरचा हिशेब बदलतो.

आणि झऱ्याचं पाणी आत्ताच तपासून घ्या. ग्रामपंचायतीकडे जंतू तपासायच्या बाटल्या असतात, पाणी काळं पडलं तर दूषित समजायचं. एकदा पावसाआधी, एकदा पावसानंतर. तोवर खालच्या आळीने पाणी उकळूनच प्यावं.