खाडीतले लहान मासे खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांत कसे जगतात? ते पाणी पितात का?

ते जगतात, असे आपण प्रश्नात धरूनच चालला आहात. पण ते नेहमी जगत नाहीत, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

आमचे गाव अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खारवट सखल पट्ट्यात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर खाडीतून जिताडा या माशाची बोटभर पिल्ले धरून घराजवळच्या तळ्यात सोडायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मी कॉलेजात असताना एका वर्षी चाळीसेक पिल्ले आणली आणि मी नको म्हणत असतानाही थोरल्या भावाने डबा तसाच तळ्यात पालथा केला. तासाभरात पिल्ले काठाशी येऊन कल्ले भराभर हलवू लागली, काही कुशीवर कलंडली, आणि सकाळी मी एकतीस मेलेली पिल्ले ओंजळीने बाहेर काढली. बियाणेच, म्हणजे आणलेली पिल्लेच कमजोर होती, हे दादाचे मत आजही कायम आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि माशाच्या रक्तात साधारण त्याच्या एक तृतीयांश. त्यामुळे समुद्रात माशाच्या अंगातले पाणी सतत बाहेर जाते. ते भरून काढण्यासाठी तो खारे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींवाटे बाहेर टाकतो. कीज आणि विल्मर यांनी १९३२ साली ईल माशावर काम करून या पेशींचे वर्णन केले. गोड्या पाण्यात सगळे उलटे होते: पाणी आपोआप आत शिरते, म्हणून मासा ते फारसे पीत नाही, भरपूर पातळ लघवी करतो आणि पाण्यातले तुटपुंजे क्षार कल्ल्यांनी ओढून घेतो. हा पालट संप्रेरकांच्या जोरावर होतो आणि तो पुरा व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात. पिल्लाच्या वजनाच्या मानाने कल्ल्यांचा आणि कातडीचा पसारा मोठा असल्यामुळे त्याला तेवढी उसंत मिळत नाही. खाडीतही खारटपणा बदलतो, पण भरती चढायला सहा तास लागतात.

पुढच्या वर्षी मी पिल्ले खाडीच्याच पाण्यात पिंपात ठेवली आणि दोन दिवस थोड्या थोड्या वेळाने तांब्याभर पाणी काढून तळ्याचे तेवढेच घातले. दोनच मेली. पिल्ले सोडायची असतील, तर असेच करा.

जिताडा या बाबतीत चिवट मासा आहे आणि पहिल्या वर्षी डब्यात प्राणवायू कमी पडला असेल, हेही मी नाकारत नाही. परंतु दोन्ही वर्षांचे बियाणे एकाच उघाडीच्या (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी, दादानेच जाळे टाकून धरलेले होते.