कोहात मराठी पुस्तक सापडत नाही म्हणून सगळं पुसू नका

ताई, फॉरमॅट मारायला काढलेला तो पेनड्राइव्ह आधी बाजूला ठेवा.

तुमची अडचण मला कळली ती अशी: सहकारनगरच्या वाचनालयातल्या जुन्या संगणकावर उबुंटू टाकून कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवलं, तीन आठवडे खपून साडेसहाशे पुस्तकं नोंदवली, आणि आता इंग्रजी नावं सापडतात पण मराठी एकही सापडत नाही. म्हणून सगळं पुसून पहिल्यापासून बसवायचा विचार आहे. शिवाय सभासदांना घरून यादी बघता यावी अशीही इच्छा आहे.

पुसून पुन्हा बसवलंत तरी हेच होईल, कारण तुमच्या बसवण्यात चूक नाहीच. कोहा १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० सालात टिकणार नव्हतं, म्हणून. आज ते जगभर चालतं, पण शोधाची मूळ मांडणी अजून रोमन लिपी धरूनच येते. पुस्तकांची माहिती राहते मारियाडीबी या डेटाबेसमध्ये आणि शोधासाठीची सूची राहते झेब्रा नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे. तुमची माहिती शाबूत आहे, बिघडलीय ती सूची.

खात्री करून घ्या. एखाद्या मराठी पुस्तकाचा बारकोड परतीच्या पडद्यावर टाका. तो शोध झेब्राकडे जात नाही, थेट डेटाबेसमधून येतो. नाव नीट मराठीत दिसलं तर निर्धास्त राहा. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर मात्र एक्सेलची यादी चढवतानाच घोळ झालाय आणि त्या नोंदी पुन्हा चढवाव्या लागतील. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेली यादी असेल तरी तेच, आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आता दुरुस्ती. (कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन.) /इटीसी/कोहा/झेब्राडीबी/इटीसी या फोल्डरमध्ये डिफॉल्ट.आयडीएक्स नावाची फाइल आहे. तिची एक प्रत काढून ठेवा, मग उघडा. वर्ड-फ्रेझ-यूटीएफ.सीएचआर असं लिहिलेल्या चारमॅपच्या ओळी दिसतील. शब्दांच्या भागात ती ओळ काढून आयसीयूचेन वर्ड्स-आयसीयू.एक्सएमएल लिहा, वाक्यांशांच्या भागात आयसीयूचेन फ्रेझेस-आयसीयू.एक्सएमएल. (आयसीयू म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या ओळखणारी पद्धत.) आकडे आणि तारखांच्या ओळींना हात लावू नका. सिस्टिम प्रेफरन्समध्ये शोधाखाली नावात आयसीयू असलेला एक पर्याय आहे, तोही चालू करा. नंतर झेब्रा रीस्टार्ट, आणि कोहा-रीबिल्ड-झेब्रा ही कमांड एफ आणि व्ही लावून. एफ म्हणजे सगळी सूची नव्याने, व्ही म्हणजे काय चाललंय ते दाखव. साडेसहाशे नोंदींना चहा गाळून होईपर्यंतचा वेळ पुरेल.

पुढे कधी कोहा अपडेट करताना ही फाइल बदललेली दिसतेय, आमची घालू का, असं विचारलं जाईल. तिथे 'नाही, माझीच ठेव'. आमच्या वाचनालयात एका काकांनी भाबडेपणाने 'हो' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मराठी पुस्तकं पुन्हा गायब.

सूची, रंगरूप, नियम, हे सगळं कोहात कधीही बदलता येतं. मागाहून बदलायला जड जातात अशा मोजक्या गोष्टी आहेत आणि तुमच्या साडेसहाशे नोंदी झाल्यात तोवरच त्या बघून घ्या. पहिली, पुस्तकाची नोंद कुठल्या साच्यात ठेवायची, मार्क २१ की युनिमार्क, हे बसवताना विचारलेलं असतं. आपल्याकडे मार्क २१. चुकून दुसरं निवडलं गेलं असेल तर तेवढ्या एका कारणासाठी पुन्हा सुरुवात करा.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखन, आणि ही सगळ्यात चिवट. 'संत' आणि 'सन्त' हे संगणकाला दोन वेगळे शब्द आहेत. आयसीयूने लिपी कळते, शुद्धलेखन कळत नाही. तीन स्वयंसेवक तीन पद्धतींनी लिहितील आणि लेखकाची आद्याक्षरं एकजण जोडून, एकजण जागा सोडून. आम्ही एका पुठ्ठ्यावर नियम लिहून संगणकाशेजारी टांगले: परसवर्ण नाही, अनुस्वार, आद्याक्षरानंतर टिंब आणि जागा, आडनाव आधी. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वेगळं लेखन असेल तर ते २४५ या शीर्षकाच्या क्षेत्रात जसंच्या तसं ठेवा आणि आजचं लेखन २४६ मध्ये द्या. पर्यायी शीर्षकासाठीच ते क्षेत्र आहे. रोमन लिपीतलं नावही तिथेच टाका. फोनवर देवनागरी टाइप न करणारे सभासद तुमच्याकडेही निघतील, विशेषतः बालविभागातले.

तिसरी, बारकोड. नवे आकडे काढू नका, दाखल नोंदवहीतला दाखल क्रमांकच बारकोड करा. आणि ती नोंदवही बंद तर मुळीच करू नका. का, ते पुढे येईल.

जाता जाता एक: दिवाळी अंकांसाठी नियतकालिकांचा विभाग उघडू नका. तो वर्गणी लावून येणाऱ्या मासिकांसाठी आहे, त्यात डोकं फिरेल. प्रत्येक अंक साधं पुस्तक म्हणून घाला, वेगळा आयटम टाइप करा आणि मुदत सात दिवसांची ठेवा.

घरून बघण्याबद्दल. सभासदांना हवी ती फक्त यादी, म्हणजे ओपॅक, कोहाची वाचकांना दिसणारी बाजू. ८०८० पोर्टवर चालणारी कर्मचाऱ्यांची बाजू बाहेर उघडायची नाही, कोणी कितीही सोय म्हणून मागितली तरी. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुमचा पत्ता इतर ग्राहकांसोबत वाटलेला आहे आणि राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी संगणकाकडे वळवून, काही उपयोग नाही. अशा वेळी क्लाउडफ्लेअर टनेल सोपं पडतं: संगणकच आतून बाहेर जोडणी करतो, राउटरला हात लावावा लागत नाही, एचटीटीपीएसही मिळतं. डोमेन मात्र विकत घ्यावं लागेल. नंतर ओपॅक-बेस-यूआरएल या प्रेफरन्समध्ये नवा पत्ता टाकायला विसरू नका. पण घाई नको, हजार-दीड हजार पुस्तकं चढली की मगच.

गुरुवारी आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा यूपीएस लागेलच. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्यायही निवडा, नाहीतर कुलूप उघडणारे आजोबा येईपर्यंत ओपॅक बंद.

आता बॅकअप, जो तुम्ही विचारलाच नाही. कोहा रोज रात्री स्वतःच प्रत काढतं, हे खरं. पण ती ठेवतं /व्हार/स्पूल/कोहामध्ये, म्हणजे त्याच डिस्कवर, आणि मुळात दोनच दिवसांच्या प्रती राखतं. हे मला कळलं तेव्हा आमची डिस्क मेलेली होती. मूळ माहिती आणि तिच्या दोन्ही प्रती एकाच वेळी गेल्या. सव्वातीन हजार पुस्तकं दाखल नोंदवही पुढ्यात घेऊन पुन्हा चढवली, पाच महिने लागले.

तेव्हा दर शनिवारी वाचनालय बंद करताना त्या फोल्डरमधल्या दोन्ही फाइली, एसक्यूएलची आणि टारची, पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह घरी न्या. महिन्यातून एकदा घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याच आवृत्तीचं कोहा टाकून कोहा-रिस्टोअर चालवून बघा. आमच्या पहिल्या खेपेला टारची फाइल अर्धीच कॉपी झालेली निघाली, पेनड्राइव्ह घाईत काढल्यामुळे.

आज फक्त बारकोडची खात्री आणि आयडीएक्सची फाइल एवढंच करा. 'संत' शोधून किती पुस्तकं येतात ते इथे कळवा. शून्यच आली तर त्या फाइलमधला शब्दांचा भाग जसाच्या तसा चिकटवा, बघू.