वाचकांचे प्रश्न : उतारावरचं घर विकताना आणि सुधारताना

या वेळी आलेली बरीचशी पत्रं डोंगरातल्या घरांबद्दल आहेत. कुणाला घर विकायचंय, कुणाला वाढवायचंय, कुणाला नुसतं सावरायचंय. पत्रांतला मुद्दा थोडक्यात देऊन उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : अंगणाखालची साधारण २ मीटर उंचीची दगडी संरक्षक भिंत मधोमध फुगली आहे. घराच्या उताराकडच्या खोलीत तिरपे तडे गेले आहेत. घर विकायचं आहे. तडे भरून रंग काढून घ्यावा का?

रंगाला आत्ता हात लावू नका. ताजा रंग फक्त एकाच भिंतीला दिसला की जाणकार गिऱ्हाईक आधी तिथेच बोट ठेवतं, आणि तडा पुन्हा उघडला तर ठरलेला सौदाही मोडतो. आधी भिंत का फुगली ते शोधायला हवं. बहुतेक वेळा कारण पाणी असतं. २ मीटर उंच भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं, तर भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर नुसत्या पाण्याचा रेटा सुमारे २ टन होतो. मातीचा दाब वेगळाच. दगडी भिंत एवढ्यासाठी बांधलेली नसते. मागचं पाणी सतत निघून जाईल, हे तिच्या बांधणीत गृहीतच धरलेलं असतं.

भिंतीला ओळंबा लावून बघा. पोट पुढे आलंय पण माथा आणि पाय जागेवर आहेत, तर मागचा भराव पाण्यानं फुगलाय किंवा दगडांमधली बारीक माती वाहून गेली आहे. माथा पुढे झुकलाय, तर पाया पुढच्या बाजूनं खचतोय. पायच पुढे सरकलाय, तर पायाची खोली अपुरी आहे किंवा कुणीतरी भिंतीच्या पायथ्याशी खणलंय. पहिल्या प्रकारात भिंत बऱ्याचदा वाचवता येते. उरलेल्या दोन्हींत स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावल्याशिवाय कामाला हात घालू नये.

आता पाण्याचा माग काढा. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा, त्यात जितकं कळेल तेवढं कोरड्या दिवसांत कळत नाही. छपराची पन्हळ कुठे सुटते ते पाहा. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला की ५,००० लिटर पाणी खाली येतं. ते सगळं एका पाइपातून भिंतीच्या माथ्यावर सोडलेलं असेल, तर कारण सापडलं. भिंतीतली पाणी निघायची भोकं कोरडी आहेत का? भर पावसात ती कोरडी दिसली तर ती बुजली आहेत, भिंत भक्कम असल्याची ती खूण नाही. दगडांवर पांढऱ्या क्षारांचा पट्टा कुठवर आहे तेही बघा, मागे ओल साधारण त्या उंचीपर्यंत चढते.

दुरुस्ती वरून खाली करत या. आधी घराच्या वरच्या अंगाला, उताराला आडवा चर काढा. तो पाणी अडवून दोन्ही बाजूंनी लांब नेईल इतका ढाळ त्याला हवा, नाहीतर तो चर नुसता तळं होतो. छपराचं पाणी बंद पाइपातून भिंतीच्या पायथ्याच्याही पुढे न्या. घरालगतच्या पहिल्या ३ मीटरांत जमीन निदान १५ सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला उतरती हवी. मग भोकं सळईनं मोकळी करा. नसतीलच, तर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची, दीड मीटरच्या आत एक अशी पाडून घ्या. भिंत नव्यानं बांधायची वेळ आलीच, तर पाठीमागे निदान ३० सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाईल कापड आणि तळाशी छिद्रांचा पाइप, इतकं लागतंच. कापड वाचवलं तर काही पावसाळ्यांत गाळ खडीत शिरतो आणि पुन्हा पहिल्यासारखी अवस्था होते. जुनी भिंत सगळी एकदम उतरवू नका. कोरड्या दिवसांत, थोड्या थोड्या लांबीचे तुकडे घेऊन काम करा.

भिंतीच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे का, हेही पाहा. १,००० लिटर म्हणजे १ टन. टाकी, मोटार, रचून ठेवलेली लाकडं किंवा विटा, सगळं भिंतीच्या उंचीइतकं तरी मागे हलवा.

आता तडे. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या केसभर रेघा सोडून द्या. तिरपा, पायऱ्या-पायऱ्यांनी सांध्यांतून गेलेला आणि वर रुंद होत जाणारा तडा मात्र खचण्याचा असतो. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खूण करा, मधलं अंतर मोजा, शेजारी तारीख लिहा, त्याच जागेचा मोजपट्टी धरून फोटो काढा. दर महिन्याला पुन्हा मोजा. पाण्याची व्यवस्था झाल्यावर एक पूर्ण पावसाळा अंतर बदललं नाही, तर तडा भरा आणि मगच रंग काढा. ही नोंद गिऱ्हाइकाला दाखवा, नव्या रंगापेक्षा तिच्यावर त्याचा जास्त विश्वास बसतो.

एक अपवाद आहे. जमिनीलाच चंद्रकोरीसारख्या भेगा पडल्या असतील, बुंध्याशी वाकलेली झाडं, कललेले खांब दिसत असतील, किंवा कोरड्या जागी अचानक पाझर फुटला असेल, तर भिंतीचा प्रश्न उरत नाही. तिथे सगळा उतारच सरकतोय. भूतांत्रिक अभियंत्याच्या (जमीन आणि उतार तपासणाऱ्या इंजिनिअरच्या) पाहणीआधी तिथे दुरुस्तीवर खर्च करू नका, आणि गिऱ्हाइकापासून ते लपवू तर मुळीच नका.

प्रश्न : दरीच्या बाजूची भिंत काढून मोठी काच बसवायची आहे. दुहेरी काच घ्यावी असं कारागीर म्हणतो. काय पाहावं?

दुहेरी काच चांगली, पण ती कुठे बनली हे आधी विचारा. दोन काचांमधली पोकळी कारखान्यातच बंद होते आणि तिथल्या हवेचा दाब आत राहतो. समुद्रसपाटीजवळ बनलेली काच २,००० मीटर उंचीवर नेली, की बाहेरचा दाब सुमारे एक पंचमांशानं कमी होतो, दोन्ही काचा बाहेर फुगतात आणि कडेच्या सीलवर ताण येतो. सील सुटलं की पोकळीत दमट हवा शिरते आणि आतून धुकं धरतं. ते पुसता येत नाही, काच बदलावीच लागते. मोठी काच थोडी वाकून ताण सोसते, अरुंद लहान काच वाकत नाही म्हणून ती लवकर जाते. ऑर्डर देताना घराची उंची लिहून द्या, आणि वाटेत त्याहून उंच घाट असेल तर त्याचीही. कारखाने अशा काचेला दाब सारखा करणारी केसासारखी बारीक नळी ठेवतात. मात्र नळीची काच असेल तर पोकळीत भरायच्या आर्गॉन वायूसाठी जास्त पैसे मोजू नका, तो नळीतून निघून जातो.

भिंत काढण्याआधी वरचं वजन टेकूंवर घ्या, तुळई बसवा आणि मग खालचं फोडा. तुळईची टेकण दोन्ही बाजूंना किती हवी ते इंजिनिअरकडून लिहून घ्या. उतारावरच्या घरात दरीकडची भिंत बहुधा सगळ्यात जास्त भार पेलते, म्हणून इथे अंदाजानं चालत नाही. चौकटीखाली पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पट्टी, हवीच. नुसतं सिलिकॉन वाऱ्यासोबत आडवा येणारा पाऊस काही वर्षांपलीकडे अडवू शकत नाही. काच मावळतीकडे असेल तर संध्याकाळचं ऊन थेट आत येतं. ते आतल्या पडद्यानं थांबत नाही, झडपा बाहेरून लागतात. उंचीवर अतिनील किरणंही दर १,००० मीटरला १० ते १२ टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे लाकडी चौकटीवर साधा वॉर्निश टिकत नाही. रंगद्रव्य असलेलं लेपन घ्या.

प्रश्न : छप्पर फक्त हिमवर्षाव थांबून ऊन पडल्यावर गळतं. पत्रा दोनदा तपासला, भोक सापडत नाही.

कारण भोक नाहीच. घरातली ऊब छतातून पोटमाळ्यात जाते, वरचा बर्फ खालून वितळतो आणि ते पाणी वळचणीपर्यंत येऊन थंड कडेवर गोठतं. बर्फाची कड तयार झाली की मागचं पाणी अडतं आणि पत्र्याच्या सांध्यांतून वर चढतं. वळचणीला लांब बर्फाच्या सुळ्या लोंबत असतील तर निदान पक्कंच समजा.

उपाय आतून सुरू होतो. दिव्यांची भोकं, पोटमाळ्याचं झाकण, पाइपांभोवतीच्या फटी बंद करा. न्हाणीघराचा पंखा पोटमाळ्यातच हवा सोडत असेल तर त्याची नळी छपराबाहेर काढा, हा दोष फार घरांत आढळतो. मग छतावर इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, आणि त्याच्या वरून वळचणीपासून आढ्यापर्यंत हवा खेळेल अशी निदान २५ मिलिमीटरची मोकळी फट. हा क्रम उलटा करू नका. फटी बुजवण्याआधी इन्सुलेशन घातलं तर दमट हवा त्यातून वर जाऊन थंड लाकडावर पाणी धरते. पुढे कधी छप्पर उकलाल तेव्हा वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत ६० सेंटिमीटरपर्यंत चिकट वॉटरप्रूफ मेम्ब्रेन घाला. कुऱ्हाडीनं बर्फ तोडू नका, मीठही टाकू नका. एकानं पत्रा फाटतो, दुसऱ्यानं गंजतो. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या फावड्यानं कडेचा बर्फ ओढा. बसलेला ओला बर्फ ५० सेंटिमीटर साचला, तर दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो होऊ शकतो, म्हणून त्याखाली उभं राहू नका.

प्रश्न : दरीवर काढलेला लाकडी सज्जा वरून छान दिसतो. विकण्याआधी काही पाहायला हवं का?

खालून पाहा. घराच्या भिंतीला लावलेली आडवी तुळई नुसत्या खिळ्यांवर असेल तर त्या जागी बोल्ट घालून घ्या. सज्जे कोसळतात ते बहुतेक तिथूनच. तिच्या माथ्यावर फ्लॅशिंग नसेल तर पाणी तिच्यामागे झिरपतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक तुळईत आणि वाशांच्या टोकांत दाबा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय, वर कितीही पॉलिश असो. कठड्याच्या दांड्यांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका, लहान मूल त्यातून जाऊ शकतं.

प्रश्न : घर बरेच महिने बंद असतं. उघडलं की कुबट वास येतो, भिंतींवर बुरशी दिसते.

दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग असेल, तर भिंतीतली ओल बाहेर पडायला वाटच उरत नाही. निदान सर्वात ओल्या भिंतीचा गिलावा खरवडून चुन्याचा करा. जमिनीखाली पोकळी असेल तर मातीवर ०.१५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा कागद अंथरा, सांधे ३० सेंटिमीटर एकमेकांवर घ्या. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर दूर ठेवा.

थंडीत पाणी गोठणारी जागा असेल तर जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सर्वात खालचा नळ उघडा, मग वरचे सगळे, म्हणजे हवा शिरून पाइप पूर्ण रिकामे होतील. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं. पाइप तेव्हाच फुटतो, पण गळती कळते ती बर्फ वितळल्यावर.

प्रश्न : डोंगरावर गेल्यावर गॅस गिझरची ज्योत पिवळी येते. चालेल का?

चालणार नाही, आजपासून तो बंद ठेवा. विरळ हवेत ज्वलनाला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नसतो. साधारण ६०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला बर्नरची क्षमता ४ टक्के कमी धरतात आणि त्याप्रमाणे जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक तोंड, बदलतात. हे काम कंपनीच्या तंत्रज्ञाचं आहे, जेटला घरी भोक पाडू नका. विकण्याआधी कार्बन मोनॉक्साईडचा अलार्मही लावून घ्या.

प्रश्न : विक्रीसाठी स्वयंपाकघर नवं करावं की कागदपत्रांवर खर्च करावा?

आधी कागद. डोंगरातलं घर घेणाऱ्याला बहुधा तीन शंका असतात : रस्ता, पाणी, हद्द. घरापर्यंतचा रस्ता दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर वहिवाटीचा हक्क नोंदलेला आहे का ते बघा. तोंडी समजूत शेजाऱ्यासोबत संपते, नव्या मालकाला ती लागू होईलच असं नाही. झरा सामायिक असेल तर कोणाला किती पाणी आणि पाइपाची डागडुजी कोणाकडे, हे लिहून सह्या घ्या. पाण्याची जिवाणूंसाठी तपासणी पावसाळ्याच्या सुरुवातीला करा, दूषण तेव्हा जास्त सापडतं. झऱ्याला पाणी किती येतं ते कोरड्या दिवसांच्या शेवटी बादली आणि घड्याळ लावून मोजा, तारखेसह लिहा. मोजणीदाराकडून हद्दीच्या खुणा उघड्या करून घ्या. मागाहून वाढवलेल्या खोलीची परवानगी नसेल तर ती आत्ताच नियमित करून घ्या. गिऱ्हाइकाच्या वकिलाला ते सापडलं, की पहिला वार किमतीवर होतो.

सेप्टिक टाकी ३ ते ५ वर्षांत उपसलेली नसेल तर उपसा, पावती ठेवा आणि झाकण कुठे आहे त्याचा साधा नकाशा काढा. उतारावर ते बऱ्याचदा गवताखाली हरवलेलं असतं.

फोटो एकाच मोसमातले देऊ नका. भर पावसात वाहणारा चर, हिवाळ्यातला रस्ता, उन्हाळ्यातली पाण्याची टाकी, असे तारखेसह फोटो लावा. दृश्याचे फोटो सगळेच लावतात. एवढं करून पैसे उरले तर स्वयंपाकघराच्या नळाची आणि ओट्याची किरकोळ कामं करून घ्या. फरश्या आणि कपाटांची निवड नव्या मालकावर सोडा, तो ती बहुतेक बदलतोच.