प्रवासी विमानाचं पहिलं प्लास्टिक मॉडेल करताय?
१:७२ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान) लढाऊ विमानांचा ढीग मिळेल. प्रवासी विमान हवं तर थेट १:१४४ कडे वळा. झ्वेझ्दा या रशियन कंपनीचं बोइंग ७३७-८०० चं किट सुरुवातीला उत्तम. हव्या त्या एअरलाइनचे डिकल्स (पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रं) खोक्यात क्वचितच असतात, वेगळे घ्यावे लागतात. पण आधी किटमधलं इंजिन त्या एअरलाइनच्या विमानाशी जुळतंय का बघा: एअरबस ए३२० निओवर प्रॅट अँड व्हिटनी किंवा लीप, दोन्ही इंजिनं येतात आणि दिसायला वेगळी असतात. धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात वजन भरा, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. खिडक्या पुटीने बुजवून डिकलच्या लावा. किटमधल्या खिडक्यांच्या पारदर्शक पट्टीची सांध लपवणं फार कटकटीचं. खरा कस पांढऱ्या रंगात लागतो. राखाडी प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) तीन-चार पातळ हात, प्रत्येक नीट वाळल्यावर. एकदाच जाड थापलात तर पंखाच्या मुळाशी रंग साचतो, पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या पॅनेलच्या रेषाही बुजतात.